दस्तीखालचे तीन सामने

शहरच्या मोठ्या क्लबच्या रणदिवेने तुला फसवलं, नसीर. तू मला फसवलंस. मी कुणाला फसवलं नाही. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तुझ्याबद्दल दोन चांगले शब्द आले तर कुणाला वाटायला नको की माणूस गेल्यावर शिवलिंगअप्पा हिशेब विसरला.

तुझा चाळिसावा अजून व्हायचाय. तालुक्याच्या पेपरात हे छापायला दिलं तेव्हा संपादक म्हणाला, "अप्पा, ही श्रद्धांजली हाय का नोटीस?" मी म्हणालो, "दोन्ही. अर्ध्या पानाचे पैसे घे आणि एक शब्द कापू नको." तू असतास तर म्हणाला असतास, कावून त्या गरिबाला दमात घेतो बे. मी दमात घेत नाही, सौदा करतो. हा फरक तुला आयुष्यभर कळला नाही, असं मी परवापर्यंत समजत होतो.

आपल्या नेकनूरचा बाजार ज्यांनी पाहिला नाही, त्यांना आधी दस्तीचं सांगावं लागेल. बैलाचा भाव आमच्याकडे तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि विकणारा हातात हात घेतात, वरून दस्ती टाकतात, आणि त्या फडक्याखाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती सगळा बाजार उभा असला तरी भाव दोघांनाच कळतो. तोंडाने दोघं बैलाच्या दातांना आणि शिंगांना नावं ठेवत राहतात. दस्ती निघाली की सौदा झाला. मग घरी जाऊन बैल बसला तरी घेणारा परत येत नाही, आणि मागून कुणी दुप्पट देतो म्हणाला तरी विकणारा फिरत नाही. जो फिरतो त्याचा हात त्या बाजारात पुन्हा कुणी धरत नाही. कागद नाही, सही नाही, वकील नाही. कासरे आणि घुंगरमाळा खांद्यावर टाकून विकत होतो तेव्हापासून मी हे बघतोय. पुढे याच हातावर दलाली केली, दलालीवर जुन्या ट्रॅक्टरचा धंदा उभा केला.

आणि याच हातावर तुझ्याकडून क्लब घेतला.

तू दुकानात वर्गणी मागायला आला होतास. उर्दू शाळेचा पीटीचा मास्तर, गळ्यात शिट्टी, आणि ती शिट्टी पुसायला निळ्या काठाची पांढरी दस्ती. मागे फाटक्या बुटातली तुझी टीम. पोरांना शर्ट पाहिजेत म्हणालास.

"मी वर्गणी देत नसतो मास्तर," मी म्हणालो. "देवाला देत नाही, पुढाऱ्याला देत नाही. विकत घेतो. क्लब केवढ्याला?"

"क्लब कोन इकत घेतो बे?"

"लोक विमानं विकत घेतात. दस्ती आण इकडं."

सगळी पोरं हसायला लागली. तू हात दिलास. मी पहिलंच बोट दाबलं आणि तू राजी झालास. पहिल्याच बोटाला. मला राग आला, खरं सांगतो. समोरच्याने ओढाताण केली नाही तर घेतलेल्या वस्तूची किंमत वाटत नाही. मी पोरांना म्हणालो, "हा माणूस तुम्हाला बचाव शिकवतो? याच्या गोलात तर बैलगाडी जाईल." तू दस्तीने शिट्टी पुसलीस आणि म्हणालास, "मालक झालास ना? आता उद्या सकाळी ये, शेण उचलायचं हाय."

ते खरंच होतं. बाजारतळाच्या मागचं माळरान हे आपलं मैदान, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तिथं फुटबॉल खेळायचा म्हणजे आधी टोपल्या घेऊन फिरावं लागतं. बालाघाट इलेव्हनचा मालक पहिल्या दिवशी टोपली घेऊन फिरला. माझ्या धंद्यातल्या लोकांनी तो विषय पुढं कित्येक बाजार चघळला.

आपलं भांडण पहिल्या हंगामापासून एकाच गोष्टीवर होतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. खालच्या गटातला क्लब नफ्यात येऊ शकतो का? मी म्हणायचो, येऊ शकत नसेल तर ठेवायचा कशाला. तू म्हणायचास, तुझ्या घरात देव्हारा हाय, तो नफ्यात हाय का? मी म्हणायचो, देव बसचं भाडं मागत नाही. आपला राज्याच्या लीगमधला सगळ्यात खालचा गट. एक सामना धुळ्याला तर दुसरा सांगलीला. बसभाडं, बूट, पट्ट्या, पंचाचं जेवण. येणं काय, तर खतवाल्याचा एक फलक आणि चहाच्या गाडीवाल्याने दिलेली जागेची चिरीमिरी.

त्यात आपला खर्च जगात दुसऱ्या कुठल्या क्लबला नसेल. लीग चालते हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात आपली अर्धी टीम ऊस तोडायला जाते. मुकादम दिवाळीच्या आधीच नवरा-बायकोच्या जोडीला उचल देतो, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे. पोरगं अंगाने भरलं की तेही कोयता घेऊन मागे निघतं. पहिल्या वर्षी दिवाळी झाली आणि आपल्याकडे सात जण उरले. तू डोक्याला हात लावून बसलास. पुढच्या दिवाळीला मी मुकादमाच्या आधी वस्तीवर गेलो. त्याने उचल द्यायची पोराला नेण्यासाठी, मी दिली पोराला ठेवण्यासाठी. चकलांब्याच्या विष्णूच्या बापाशी तर मी त्याच्याच अंगणात दस्ती टाकून बसलो. बाप पक्का होता. बोट सोडेचना. शेवटी त्याची बायको चुलीपासून म्हणाली, "अहो, अप्पाचा हात मोडंल की." मला तो बाप फार आवडला.

असा क्लब चालवणारा मालक देशात दुसरा दाखव, असं मी तुला म्हणायचो, आणि तू मान डोलवायचास. ती मान अजून डोळ्यांसमोर आहे. तू तोंडाने माझं कौतुक कधी केलं नाहीस, पण ती मान मी ओळखून होतो.

कड्याच्या टीमबरोबरचा सामना आठवतो? बसायला जागा नव्हती. मी दुकानासमोरचे जुने ट्रॅक्टर ट्रॉल्या जोडून आणले आणि मैदानाच्या कडेला रांगेत लावले. लोक ट्रॉल्यांत बसले, बोनेटवर बसले, एक म्हातारा स्टिअरिंग धरून सगळा सामना बघत होता. विष्णूने डाव्या पायाने कोपऱ्यातून जो गोल मारला, त्यावर सगळ्या ट्रॅक्टरांचे हॉर्न एकदम वाजले. सामना संपला तेव्हा त्यातले दोन ट्रॅक्टर विकले गेले होते. एक त्या म्हाताऱ्यानेच घेतला. म्हणाला, बसून बघितलं, सीट बरी हाय.

त्या संध्याकाळी आपण बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतला आणि तू विषय काढलास.

"झाला न्हाई का क्लब नफ्यात?"

"कुठं झाला?"

"दोन ट्रॅक्टर गेले की."

"ते दुकानाचे गेले. क्लबचा काय संबंध?"

"संबंध कावून न्हाई बे? लोक कशाला आलते? तुझं तोंड बघायला आलते का?"

"माल माझा, नफा माझा."

"मैदान माझं," तू म्हणालास, "गिऱ्हाईक माझं."

त्यावर आपण पुढची कितीतरी वर्षं भांडलो. मी हरलो नाही. तूही हरला नाहीस. हॉटेलवाला आपल्याला बघितलं की चहा ठेवतानाच म्हणायचा, "ट्रॅक्टर कुणाचे ठरले का?"

पण गेल्या हंगामात माझी सहनशक्ती संपली. सलग पराभव, बस दोनदा घाटात बंद पडली, माझ्या पोराने तोंडावर सांगितलं की बाबा, हे खूळ बंद करा. मी तुला म्हणालो, अजून एक हंगाम. एक खेळाडू वरच्या क्लबला चांगल्या भावाने गेला तर क्लब राहील. खालच्या क्लबला तेवढाच एक धंदा आहे, तयार करायचं आणि विकायचं. नाही जमलं तर शर्ट धुवून परत दे. तू शिट्टी पुसत राहिलास.

आणि मग रणदिवे आला. पांढरी गाडी, काळा गॉगल, शहरच्या क्लबचा मॅनेजर. विष्णूला घ्यायचं म्हणाला. मी त्या दिवशी हिंगोलीला ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. तू मला फोन केला नाहीस. ज्या एका सौद्यासाठी मी वर्षानुवर्षं टोपल्या उचलल्या, तो तू एकट्याने केलास.

मी परत आलो तेव्हा तू हॉटेलात वाट बघत होतास.

"किती?" मी बसायच्या आधी विचारलं.

"पैसे घेतले न्हाईत."

"नंतर देणार?"

"घेतलेच न्हाईत. अप्पा, आधी ऐक तर."

मी ऐकलं नाही. मी काय काय बोललो ते हॉटेलातल्या सगळ्यांनी ऐकलं, इथं पुन्हा लिहीत नाही. शेवटी म्हणालो की माझ्या दावणीचा बैल तू फुकट सोडून दिलास. तेव्हा तू उठलास. "विष्णू बैल न्हाई," एवढंच म्हणालास, आणि गल्ल्यावर फक्त तुझ्या चहाचे पैसे ठेवलेस. इतक्या वर्षांत आपल्यापैकी कुणी फक्त आपल्याच चहाचे पैसे दिले नव्हते.

त्यानंतर आपण बोललो नाही. तू सकाळी मैदानावर असायचास, मी गाडी दुसऱ्या रस्त्याने न्यायचो. वाटायचं, येईल हा, शिट्टी पुसत दुकानाच्या पायरीवर उभा राहील आणि म्हणेल, चल बे, शेण उचलायचं हाय. तू आला नाहीस. मीही आलो नाही. आणि एक दिवस पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोराने मला विचारलं, "अप्पा, तुमी मास्तरच्या मातीला न्हाई गेलात?"

कब्रस्तानात पोचलो तेव्हा माणसं परत फिरत होती. मी तुझ्यावर माती टाकायला एकटाच उरलो होतो. तिथंही मी तुझ्याशी भांडलो. तिथला म्हातारा राखणदार लांब उभा राहून बघत होता.

तिसऱ्या दिवशी, तुझ्या झियारतीला, विष्णू आला. शहरच्या क्लबचं जॅकेट घातलं होतं, आत मात्र आपला शर्ट होता. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "अप्पा, मास्तरनं तुमाला सांगितलं का न्हाई?"

"काय सांगितलं?"

"सामन्याचं."

मग त्याने सगळं सांगितलं. रणदिवे पैशाची गोष्ट काढायला लागला तेव्हा तू त्याला थांबवलंस. म्हणालास, पैसे नकोत, तुमची पूर्ण टीम इथं येऊन या मैदानावर खेळली पाहिजे. हंगामाला एक सामना. किती हंगाम, ते आमच्या पद्धतीने ठरवू. आणि गळ्यातली दस्ती काढलीस. रणदिवेला मजा वाटली. बरोबरच्या पोराला म्हणाला, व्हिडिओ घे. खालचं कुणालाच दिसलं नाही, पण विष्णू म्हणतो की बराच वेळ चाललं. रणदिवे हसत होता आणि तू हसत नव्हतास. तोंडाने तू त्याच्या गाडीला नावं ठेवत होतास, टायर बारीक हाय म्हणून. दस्ती काढल्यावर तू मोठ्याने म्हणालास, "तीन," आणि रणदिवेने मान हलवली. "कुठून सुरू केलतं मास्तर?" असं विष्णूने नंतर विचारलं, तर म्हणालास, "पाचावरून. तो एकावर बसलता."

नसीर, तू पाचावरून सुरू केलंस.

जो माणूस मला पहिल्या बोटाला राजी झाला, भाजीवालीला सुटे परत मागायला लाजायचा, तो शहरच्या मॅनेजरला एकावरून तीनवर ओढत आणतो, आणि वर त्याच्या टायरला नावं ठेवतो. मी तिथं असायला पाहिजे होतो. सौद्यासाठी नाही. नुसतं बघायला. माझ्या आयुष्यात मी किती सौदे केले त्याला गणती नाही, पण त्या झियारतीच्या मांडवात बसून मला जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या स्वतःच्या एकाही सौद्याचा वाटला नव्हता.

आणि मग धंदेवाल्याचं डोकं चालायला लागलं. ती टीम टीव्हीवर दिसते. ती नेकनूरला आली तर गेवराई, आष्टी, केज, सगळीकडून माणूस येणार. तिकीट लागणार. ट्रॉल्या कमी पडणार, मला भाड्याने आणाव्या लागणार. खतवाले, बियाणंवाले, पाईपवाले फलकाच्या जागेसाठी माझ्या दारात बसणार. एक सामना सगळ्या हंगामाचा खर्च काढून वर उरवणार. विष्णूचे पैसे घेतले असते तर एका वर्षात बसभाड्यात गेले असते आणि पुढच्या दिवाळीला मी पुन्हा शर्ट परत मागितले असते. तू तीन हंगाम घेतलेस. तीन हंगाम मला क्लब बंद करता येऊ नये असा सौदा केलास. ज्याला मी नफ्याचं गणित शिकवत होतो त्याने ते माझ्या नाकासमोर सोडवलं, आणि मी त्याला चहाच्या टेबलावरून उठवून लावलं.

तरी त्या दिवशीचं माझं बोलणं मी मागे घेत नाही. तू फोन करायला पाहिजे होतास. मी असतो तर तुला एकच गोष्ट सांगितली असती. दस्ती बाजारात चालते, कारण बाजारात दोघांनाही पुढच्या आठवड्यात परत यायचं असतं. रणदिवेला परत यायचं नव्हतं. चूक बोटांची नव्हती, हाताची होती. असा हात तू धरलास की ज्याला बाजार नाही. आपल्याकडचा कुणीही हीच चूक करेल, मीही केली असती. पण मी निदान त्याला आधी बाजारात फिरवलं असतं.

मी रणदिवेला फोन लावला. तू गेल्याचं सांगितलं. वाईट झालं म्हणाला. मग सामन्याची तारीख विचारली.

"कसला सामना?"

"तीन सामने. दस्तीखाली ठरलेले."

तो हसला. "अहो अप्पा, ती गंमत होती. व्हिडिओसाठी केलं ते. लोकांना फार आवडला."

मी तो व्हिडिओ बघितला. खाली ढोलकी लावली आहे आणि वर लिहिलं आहे, गावाकडची धमाल. तू त्यात पूर्ण वेळ गंभीर आहेस. शाळेच्या तपासणीला साहेब आल्यावर उभा राहायचास तसा ताठ. लोकांनी खाली हसण्याची चिन्हं टाकली आहेत. मी पुन्हा पुन्हा बघितला. प्रत्येक वेळी शेवटी तू "तीन" म्हणतोस आणि तो मान हलवतो.

नसीर, क्लब बंद होणार नाही. माझ्या पोरालाही सांगून टाकलं. तीन सामने वसूल व्हायचे आहेत, आणि ते वसूल करायला क्लब जिवंत पाहिजे. तू मला असा अडकवून गेलास की सुटायला बोट नाही. या दिवाळीला उचल घेऊन मी पुन्हा वस्त्यांवर जाणार आहे. विष्णूचा धाकटा भाऊ गोलकीपर आहे म्हणे. त्याच्या बापाशी पुन्हा बसायचं म्हणजे हाताला आधी तेल लावून जावं लागेल.

आणि ते दोन ट्रॅक्टर मी क्लबच्या नावावर धरले. हॉटेलवाल्याला सांगून आलो, ठरलं, मास्तरचे ठरले. त्याने नेहमीसारखे दोन चहा ठेवले. मी दोन्हीचे पैसे दिले.

भाभीने तुझी दस्ती मला दिली. धुतलेली आहे, पण शिट्टीचा गंज काठाला राहिलाय. मी ती दुकानात टांगली नाही, पेटीतही ठेवली नाही. खिशात ठेवतो, कारण ती लागणार आहे.

रणदिवे, हा पेपर मी तुमच्या ऑफिसात स्वतः आणून देणार आहे, त्यामुळे वाचला नाही असं म्हणू नका. नसीर मास्तरने तुमचा हात धरला आणि तुम्ही मान हलवलीत. विष्णू तुमच्याकडे खेळतोय, म्हणजे तुमच्या वाटचा माल तुम्ही घेऊन गेलात. आमच्या वाटचा राहिलाय. तुम्ही म्हणता गंमत होती. असेल, तर बाजाराच्या दिवशी नेकनूरला या. मैदानावर चुना टाकून ठेवलाय, पण आधी बाजारात या. ही दस्ती मी आणतो. तिच्याखाली माझा हात धरा, आणि भोवती उभ्या असलेल्या सगळ्या बाजारासमोर सांगा की मास्तरच्या हातात तुम्ही जो हात दिला होता तो गंमत म्हणून दिला होता. ते तोंडातून निघत नसेल, तर पहिल्या सामन्याची तारीख सांगा.